ताई, ती काळ्या सुटातली माणसं तुमच्या मुलाच्या मागावर नाहीयेत

पत्र

नमस्कार ताई, मी नागपूरला राहते. मुलगा वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग करतोय. २०२२ च्या गुढीपाडव्याला आम्ही माझ्या माहेरी होतो, सिंदेवाहीजवळ. त्या रात्री आकाशातून त्या जळत्या पट्ट्या गेल्या ना, त्याचा ह्याने गच्चीवरून व्हिडिओ काढला होता. दोन-तीन दिवसांनी दोन माणसं गाडीतून आली, व्हिडिओ कोणी काढला विचारलं, ह्याच्या मोबाईलवर बघितला, चहा नको म्हणाले आणि गेले. तेव्हा एवढंच होतं, घरात कोणी परत विषयही काढला नाही. पण गेल्या वर्षापासून हा रात्र रात्र ते मेन इन ब्लॅकचे, म्हणजे उडत्या तबकड्या बघितलेल्यांना गप्प करणाऱ्या काळ्या सुटातल्या माणसांचे व्हिडिओ बघतो आणि आता म्हणतो की ती दोन माणसं तीच होती, काळे कपडे होते, पापणी लवत नव्हती, गाडीला नंबर नव्हता, आणि चहा नको म्हणाले कारण त्यांना पिताच येत नाही! लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीये, बेल वाजली की दचकतो. ह्याचे पप्पा नुसते हसतात, मला हसू येत नाही. ह्यात काही तथ्य आहे का आणि मी काय करू?
— एक आई, नागपूर

उत्तर

नमस्कार ताई,

आधी सरळ उत्तर देते. आकाशात जे दिसलं ते खरं होतं, दोन माणसं आली हेही खरं असणार, पण ती पापणी, तो नंबर आणि न प्यायलेल्या चहाचा तो अर्थ हे सगळं नंतर चिकटलेलं आहे, आणि तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये. ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, पप्पांना तेच पटवायचंय आपल्याला.

२ एप्रिल २०२२ ची ती रात्र विदर्भात कोण विसरेल. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडलं म्हणालं, आणि मग सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला ती भलीमोठी धातूची रिंग सापडली, साधारण तीन मीटर व्यासाची, शिवाय आजूबाजूला धातूचे गोळे. चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा परत वातावरणात शिरून जळाला होता, त्याचे ते तुकडे. रिंग पोलीस स्टेशनला नेऊन ठेवली आणि पुढच्या काही दिवसांत इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले. म्हणजे त्या आठवड्यात तुमच्या माहेरच्या भागात पोलीस, तहसीलची माणसं, पत्रकार, शास्त्रज्ञ, बघे असे सगळेच फिरत होते आणि सगळेच विचारत होते, की कोणाकडे व्हिडिओ आहे का. एप्रिलच्या उन्हात चंद्रपूर जिल्ह्यात दिवसभर फिरणारा माणूस दहाव्या घरी चहा नको म्हणतो त्यात आश्चर्य कसलं, मी तर तिसऱ्याच घरी म्हटलं असतं.

पण मुलाला नुसतं एवढं सांगून पटणार नाही, कारण त्याच्याकडे आता एक तयार गोष्ट आहे, व्हिडिओवाल्यांनी पॉलिश करून दिलेली. ती गोष्ट मुळात कुठून आली ते त्याला कळलं तर बरंच काही सुटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते, त्यालाच वाचायला द्या हवं तर.

ही सगळी भानगड अमेरिकेतली. जून १९४७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाजवळ मॉरी आयलंडला हॅरल्ड डाल नावाच्या माणसाने सांगितलं की बोटीवरून आपल्याला मेदूवड्यासारख्या भोक असलेल्या सहा तबकड्या दिसल्या, त्यातून तापलेली धातूची मळी पडली, कुत्रा मेला, मुलाचा हात भाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या सुटातला एक माणूस काळ्या ब्यूक गाडीतून आला, नाश्त्याला घेऊन गेला आणि झालेला सगळा प्रकार त्यालाच सांगून गप्प राहायला बजावलं. चौकशीला आलेले हवाई दलाचे दोन अधिकारी परत जाताना १ ऑगस्टला केल्सोजवळ विमान पडून वारले, झालं, मग काय, गोष्टीला धारच आली. पण एफबीआयने चौकशी केली तेव्हा डालने हे बनावट असल्याचं कबूल केलं. तुमच्या मुलाच्या व्हिडिओत ब्यूक नक्की असेल, कबुली असेल का ते विचारा त्याला.

खरी मजा पुढे आहे. कनेक्टिकटमध्ये ब्रिजपोर्टला आल्बर्ट बेंडर नावाचा एक तरुण होता, कात्र्यांच्या कारखान्यात नोकरी, आणि घराच्या माळ्यावर स्वतःची एक भुताची खोली सजवलेली, कवट्या, वटवाघळं, कोळी असलं सगळं मांडून. १९५२ मध्ये त्याने उडत्या तबकड्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली, स्वतःचं छोटं मासिक काढलं, मार्च १९५३ मध्ये तर सगळ्या सभासदांना एका ठरलेल्या वेळी डोळे मिटून परग्रहवासीयांना मनातल्या मनात निरोप पाठवायला लावलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अचानक सगळं बंद! मासिकात छापलं की तबकड्यांचं गूढ आता गूढ राहिलेलं नाही, पण वरून आदेश आहे म्हणून सांगता येत नाही, आणि ह्या कामात असलेल्यांनी जपून राहा. का बंद केलंस असं मित्रांनी विचारलं तर म्हणाला, तीन माणसं आली होती गडद कपड्यात, त्यांनी गप्प राहायला सांगितलं. बास. एवढंच. ह्यात ना लाल डोळे आहेत ना काही. तीन माणसं आली, घाबरवून गेली.

आता त्या काळात हे अगदीच अशक्य नव्हतं हे मुलाला मान्य करून टाका, उगाच ताणू नका. १९५३ म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची मोहीम जोरात, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघतोय, आणि त्याच वर्षी जानेवारीत सीआयएने बसवलेल्या शास्त्रज्ञांच्या रॉबर्टसन समितीने म्हणून ठेवलं होतं की तबकड्यांच्या खासगी संघटनांवर लक्ष ठेवावं. बेंडरच्याच संघटनेतल्या एका माणसाने, ग्रे बार्करने, लिहून ठेवलंय की त्या वर्षी एफबीआयचा एक माणूस खरंच त्याच्या दारात आला होता, कशासाठी, तर ह्या संघटनेचं व्हिजिटिंग कार्ड कुणाच्या तरी खिशात सापडलं म्हणून. तेव्हा सूट घातलेला सरकारी माणूस दारात येणं ही काही परग्रहावरची गोष्ट नव्हती. माळ्यावर कवट्या मांडून बसणाऱ्या आणि जगभर पत्रं पाठवणाऱ्या पोराची धांदल उडायला तेवढं पुरेसं होतं.

पण हा बार्कर लक्षात ठेवा, खरा कलाकार हाच. वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गचा, थिएटरांना पिक्चर पुरवायचा धंदा, म्हणजे लोकांना तिकिटाच्या पैशात काय हवं असतं ते पक्कं माहीत. त्याने १९५६ मध्ये बेंडरच्या तीन माणसांवर आख्खं पुस्तक लिहिलं, तिखटमीठ लावून, आणि तिथून काळ्या सुटातली माणसं घराघरात पोचली. पुढे १९६२ मध्ये त्याच बार्करने बेंडरचंच पुस्तक छापलं आणि त्यात ती तीन माणसं एकदम परग्रहावरची निघाली, चमकते डोळे, अंटार्क्टिकातला गुप्त तळ वगैरे. बघा म्हणजे, १९५३ ला तीन माणसं, १९६२ ला तीन राक्षस. नऊ वर्षांत पराचा कावळा झाला आणि तो उडवायला एक प्रकाशक होता. (बेंडर पुढे तबकड्या सोडून मॅक्स स्टायनर ह्या हॉलिवूडच्या संगीतकाराच्या चाहत्यांची संघटना चालवायला लागला. माणसाला संघटनाच काढायची होती, विषय काय का असेना, असं माझं आपलं मत.)

बार्करला ह्यातलं किती खरं वाटत होतं? फारसं नाहीच. १९५७ मध्ये त्याने आणि त्याचा मित्र जेम्स मोझलीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या छापील कागदावर एक खोटं पत्र टाइप करून जॉर्ज अॅडॅम्स्कीला पाठवलं. हा अॅडॅम्स्की म्हणजे शुक्रावरच्या माणसांना भेटलो असं सांगणारा, तो ते पत्र मिरवत फिरला, आणि एफबीआय खरोखरच चौकशीला लागली. म्हणजे खोटारडेपणाने खरे सूटवाले दारात आणले! मोझलीने हे कबूल केलं ते बार्कर १९८४ मध्ये गेल्यानंतर. आणखी एकाने, जॉन शेरवूडने, १९९८ मध्ये लिहिलं की मी पोरसवदा असताना बार्करच्या सांगण्यावरून मीही बनावट मजकूर पुरवला होता. तुमचा मुलगा पोरसवदाच आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता तो न प्यायलेला चहा. हा मुद्दा मुलाने स्वतः काढलेला नाही, मी पैज लावते. १९६७ ची मिनेसोटातल्या ओवाटोना गावची एक गोष्ट आहे, जॉन कील नावाच्या लेखकाने पसरवलेली: हवाई दलाचा मेजर म्हणवणारा एक माणूस एका बाईच्या घरी आला, तिने त्याला जेली दिली, आणि तो बाऊल तोंडाला लावून जेली प्यायला लागला, जणू खायचं कसं हेच माहीत नाही. तेव्हापासून काळ्या सुटातल्या माणसांना खातापिता येत नाही असं ठरलं. मग कोणीही कुठेही पाहुणा म्हणून नाही म्हणाला की संपलं. हे व्हिडिओ बघताना नकळत डोक्यात जातं आणि मग आपल्याच चार वर्षांपूर्वीच्या दुपारी जाऊन बसतं.

हे कसं होतं ते शास्त्रज्ञांनी तपासून ठेवलंय. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी १५० विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पण "आदळल्या" ऐकलेल्या ५० जणांतल्या १६ जणांना काचा आठवल्या, "लागल्या" वाल्यांत फक्त ७ जणांना. एका शब्दाने एवढं होतं, तुमचा मुलगा वर्षभर रात्र रात्र शब्द, चित्रं आणि वर ते भयाण म्युझिक ऐकतोय. त्याला जे आठवतंय ते त्याला खरंच आठवतंय. म्हणून "खोटं बोलतोस" म्हणायचं नाही, एकदाही नाही.

तो तुम्हाला डॉक्टर हॉपकिन्सची गोष्ट नक्की ऐकवेल, कारण ती सगळ्यात भारी आहे, मलाही आवडते. सप्टेंबर १९७६, मेन राज्यातलं ओल्ड ऑर्चर्ड बीच, संध्याकाळी डॉक्टर घरी एकटे. एका यूएफओच्या, म्हणजे उडत्या तबकडीच्या केसवर संमोहन करून त्याच्या टेप्स त्यांनी ठेवल्या होत्या. न्यू जर्सीच्या कुठल्याशा संस्थेतून फोन आला, भेटायला येऊ का, आणि फोन ठेवतो न ठेवतो तोच माणूस पायऱ्यांवर हजर. इस्त्रीचा काळा सूट, टक्कल, भुवया नाहीत, ओठ लालभडक, आणि हातमोज्याने ओठ पुसला तर लिपस्टिक पसरली. डॉक्टरांच्या तळहातावरचं नाणं त्याच्यासमोर धूसर होत होत नाहीसं झालं म्हणे, मग टेप्स नष्ट करायला सांगितल्या, आणि बोलता बोलता आवाज मंदावत गेला, शक्ती संपत चाललीये म्हणाला आणि गेला. ती संस्था अस्तित्वातच नव्हती. वाचताना काटा येतो की नाही? पण साक्षीदार एकच, पुरावा नष्ट केलेला, आणि पुढे डॉक्टरांच्याच पुतण्याने लिहिलं की काकांना कथा रचायची आवड होती. मुलाला फक्त इतकंच विचारा, की ह्या गोष्टीत डॉक्टर सोडून दुसऱ्या कोणी काय बघितलं. उत्तराची घाई करू नका.

आणि एक बाजू अशी आहे जी हसण्यावारी नेऊ नये, पप्पांनी विशेषतः. तोतये खरेच होते. १ मार्च १९६७ ला अमेरिकी हवाई दलाच्या लेफ्टनंट जनरल व्हीलेस ह्यांनी सगळीकडे लेखी सूचना पाठवली की आमचे अधिकारी आहोत असं सांगून काही लोक तबकड्या बघितलेल्यांना गाठतायत. एका ठिकाणी साध्या कपड्यातल्या माणसाने नोराड ह्या संरक्षण यंत्रणेचा माणूस असल्याचं सांगून एकाचे फोटो मागून नेले, दुसरीकडे हवाई दलाचा युनिफॉर्म घातलेल्याने पोलिसांना आणि गावकऱ्यांना शाळेच्या वर्गात बसवून सांगितलं की तुम्ही जे बघितलं ते बघितलंच नाही, कोणाशी बोलू नका. असा कोणी दिसला तर कळवा असं त्या पत्रात आहे. म्हणजे हवाई दलालाच माहीत नव्हतं हे कोण! चेष्टेखोर असतील, हौशी शोधवाले असतील, दुसऱ्या खात्याचे असतील. सीआयएच्याच इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलंय की यू-२ सारखी गुप्त विमानं अति उंचावरून उडत होती आणि ती लपवायला लोकांना भलतीच कारणं सांगितली जात होती. आणि १९८० च्या दशकात न्यू मेक्सिकोत कर्टलँड तळावरच्या रिचर्ड डोटी नावाच्या हवाई दलाच्या हेराने पॉल बेनेविट्झ नावाच्या एका व्यावसायिकाला मुद्दाम परग्रहवासीयांच्या खोट्या कागदपत्रांनी भरवलं, कारण तो तळावरचे खरे सिग्नल पकडत होता. बेनेविट्झ शेवटी मानसिकदृष्ट्या कोलमडून हॉस्पिटलात गेला. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातली खरी भीतीदायक गोष्ट हीच आहे, आणि ती व्हिडिओत सगळ्यात कमी सांगतात कारण तिच्यात परग्रहवासी नाहीत.

तोतये आजही आहेतच की, फक्त ते काळा सूट घालून दारात येत नाहीत, व्हिडिओ कॉलवर पोलिसांची वर्दी घालून डिजिटल अरेस्ट म्हणून पैसे लुटतात. चिकटपट्टी राहू दे कॅमेऱ्यावर, त्यात काही वाईट नाही, पुष्कळ शहाणी माणसं लावतात. पण असा कॉल आला तर कापायचा आणि १९३० ला कळवायचं, हे त्याच्यासकट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दारात खरंच कोणी चौकशीला आलं तर ओळखपत्र बघायचं, नाव आणि ऑफिस लिहून घ्यायचं, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला फोन करून विचारायचं, एवढाच नियम. त्याला काहीतरी करायला मिळालं की घाबरणं कमी होईल.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं, त्याच्या मामांना फोन लावा, मुलगा समोर नसताना, आणि मोकळा प्रश्न विचारा: पाडव्यानंतर घरी कोण आलं होतं, तुम्हाला काय आठवतंय? "काळे कपडे होते का" असं विचारू नका, नाहीतर मामांनाही आठवतील. गावात अजून एक-दोघांकडे असेच लोक आले असणार, कोण होते ते कोणाला तरी माहीत असतं, खेड्यात गाडी आली आणि कोणाची ते कळलं नाही असं होत नाही. दुसरं, फॅमिली ग्रुपवर एप्रिल २०२२ पर्यंत मागे जा. व्हिडिओ आल्यावर कोणी ना कोणी लिहिलंच असेल की आज दोघं येऊन बघून गेले. त्या दिवशी टाइप केलेली ओळ आजच्या आठवणीपेक्षा जास्त भरवशाची, आणि ती तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचेल. काय निघालं ते शांतपणे त्याच्यासमोर ठेवा, "बघ, सांगत होते ना" न म्हणता.

त्याच्या झोपेचं मात्र मनावर घ्या. वीस वर्षांचं पोर रात्र रात्र जागं, बेलला दचकतं, कोणीतरी मागावर आहे असं वाटतं, ह्यातलं बरंचसं नुसत्या जागरणानेही होतं, पण तेवढ्यावर सोडू नका. तो मित्रांना टाळतोय का, कॉलेज बुडवतोय का, कोणी नसताना आवाज ऐकू येतात का, जेवणात काही घातलंय असं म्हणतो का, ह्यातलं एक जरी असेल तर थांबू नका, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार ओपीडी आहे तिथे घेऊन जा, किंवा आधी टेली मानसच्या १४४१६ वर बोला, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्याला "तुझं डोकं तपासायला" नेतोय असं नका सांगू, झोपेसाठी जाऊया म्हणा, आणि ते खोटंही नाही. हे काही नसेल तर मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला ठेवायचा नियम करा, सगळ्यांचाच, तुमचाही, नाहीतर तो ऐकणार नाही.

विषय बंद करायला सांगू नका मात्र. त्याला आकाशातलं आवडतं ना, तर तो व्हिडिओ जपून ठेव म्हणावं, तारीख, वेळ, दिशा लिहून ठेव. रॉकेटचा टप्पा जळताना आपल्या घरच्या गच्चीवरून टिपणारी पोरं भारतात किती असतील हो!

आणि पप्पांना माझा निरोप, बेल वाजली की "आले बघ तुझे काळे सूटवाले" हा जोक निदान सेमिस्टर संपेपर्यंत बंद ठेवा. मामा काय म्हणाले ते मला कळवा.